तात्यांनी कचेरी घरी नेली

आमच्या कचेरीला एकतीस पायऱ्या होत्या. मी त्या कधी मोजल्या नाहीत. विशीतला माणूस पायऱ्या मोजत नाही, चढतो. एकतीस हा आकडा तात्यांचा. रोज सकाळी दहाच्या आत ते एकेका पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा, असे दोन्ही पाय टेकवत वर येत आणि शेवटच्या पायरीवर मोठ्यानं म्हणत, "एकतीस." एखादी कमी करण्याचा हुकूम निघालाय का, याची रोज खातरजमा चाललेली असे.

वर आले की पगडी सारखी करायची, खुर्चीत बसायचं, गुडघ्यांना दोन शिव्या द्यायच्या आणि चहूकडे नजर टाकायची. सगळे कारकून जागेवर दिसले की म्हणायचं, "भरली." म्हणजे कचेरी भरली. मग बोरू दौतीत जाई. एकदा आमचे चिटणीससाहेबच उशिरा आले, तर तात्या तोवर हातावर हात ठेवून बसून. साहेबांनी विचारलं, "काय तात्या, शाई वाळली का?" तात्या म्हणाले, "शाई आहे. कचेरी भरली नव्हती."

हे सगळं देवासचं. तेव्हाचं देवास ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून खरं वाटत नाही, पण गाव एक आणि राज्यं दोन होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांच्या वाटणीतून झालेली, आणि भावांची वाटणी कशी असते ते मी सांगायला नको. रस्त्याच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. शेळी रस्ता ओलांडून पाला खायला गेली की ती परमुलखात गेली. अर्थात शेळीला कुणी हटकत नसे आणि माणसालाही नसे. आमची कचेरी थोरल्या पातीची. तात्या तिथले नकलनवीस, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांच्या सुवाच्य नकला करणारे. त्यांच्यासारखं मोडी अक्षर दोन्ही पात्यांत नव्हतं. मी त्यांच्या हाताखालचा नवा कारकून.

तात्यांची खरी ख्याती मात्र अक्षराची नव्हे, त्यांच्या कागदाची. कोणतीही गोष्ट ठरवायची झाली की ते एक ताव घेत, मधोमध रेघ ओढत, डावीकडे 'अनुकूल' लिहीत, उजवीकडे 'प्रतिकूल', आणि दोन्हीकडे मुद्दे मांडत. जी बाजू खाली जास्त उतरेल ती जिंकली. "डोकं तापतं," ते म्हणत, "कागद तापत नाही." गाय घ्यावी का, मिशा काढाव्यात का, मेहुण्याच्या मुंजीला जावं का, सगळ्याचे कागद होते आणि सगळे एका रुमालात बांधून ठेवलेले. गंमत एवढीच की ज्या बाजूला तात्यांचं मन असे तिकडे त्यांचं अक्षर आपोआप मोठं येई. तीन मुद्द्यांत ती बाजू तळाला पोचे. मेहुण्याच्या मुंजीच्या कागदावर 'प्रतिकूल'खाली 'ऊन' एवढा एकच शब्द होता, पण त्यात ओंजळभर शाई गेली असेल.

गुडघ्यांसाठी एकदा त्यांनी तट्टू घेतलं होतं. त्याचाही कागद झाला होता, चांगला दोन दिवस खपून. तट्टू आलं, तात्या त्यावर बसून डौलात कचेरीच्या दारापर्यंत आले, आणि तिथं उतरून पुन्हा एकतीस पायऱ्या चढले. तट्टू जिने चढत नाही हे दोन्हीपैकी कोणत्याच बाजूला लिहायचं राहून गेलं होतं. तात्यांच्या कागदांचा हाच दोष होता. लिहिलेलं सगळं चोख असे. राहून जाई ते एखादंच, पण तेच नेमकं मोठं असे.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर गुडघे फारच धरले आणि तात्यांच्या डोक्यात आलं की नकला घरी बसून कराव्यात. आज ऐकणाऱ्याला यात काही वाटणार नाही, पण तेव्हा आमच्या कचेरीत कुणी असं बोललंही नव्हतं. कचेरी ही जायची गोष्ट होती. तात्यांनी ताव घेतला. अनुकूल बाजूला गुडघे आले, पायऱ्या आल्या, शेजारच्या कारकुनाचं तपकीर ओढणं आलं, गरम जेवण आलं. मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. आमचा चपराशी माळव्यातलाच. तो म्हणाला, "अरे भिया, घर में तो घरवाली रेवे है. वाँ म्हारो कंई काम?" घरात बायको असते, तिथं आपलं काय काम, हे त्याचं म्हणणं तात्यांनी हसण्यावारी नेलं. कागदावर घेतलं नाही.

मी विचारलं, "तात्या, काकूंना विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? घर दिवसभर रिकामंच असतं. ती एकटी बसलेली असते बिचारी. तिला सोबतच होईल."

आणि प्रतिकूल बाजूला त्यांनी बारीक अक्षरात दोनच शब्द लिहिले, 'सवय नाही'. कागद चिटणीससाहेबांपुढे गेला. साहेब विनोदी होते. म्हणाले, "एक महिना करून पाहा. जमलं तर कायमचा हुकूम काढू. गेल्या वेळेसारखं तट्टू नको म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी दहा वाजता मी कागदांचा रुमाल घेऊन रस्त्यापलीकडे त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. म्हटलं, "तात्या आहेत?"

काकू म्हणाल्या, "कचेरीत गेलेत."

मी गोंधळून उभाच राहिलो. तेवढ्यात पगडी, अंगरखा, खांद्यावर उपरणं अशा पोषाखात तात्या गल्लीच्या तोंडाशी दिसले. पुढच्या दारानं निघाले होते, मारुतीच्या देवळाला वळसा घालून मागच्या दारानं कचेरीत येत होते. मागच्या पडवीला लागून असलेली खोली ही कचेरी. तिच्या उंबऱ्यावर दोन्ही पाय टेकवून ते म्हणाले, "एक." मग बसले, इकडेतिकडे पाहिलं. खोलीत ते, मी आणि कोनाड्यातला गणपती. जरा विचार करून म्हणाले, "भरली."

नियमही झाले. दहा ते पाच खोलीत कुणी यायचं नाही. काही सांगायचं असेल तर लेखी अर्ज करायचा. हे त्यांनी काकूंना माझ्यासमोर सांगितलं. काकू कमरेला पदर खोचून ऐकत होत्या. त्या काळच्या बायका नवऱ्याला 'अहो'सुद्धा म्हणत नसत. म्हणाल्या, "इकडून पाणी मागणं झालं, तर मी अर्जाची वाट पाहायची का अर्ज इकडूनच यायचा?"

"तोंडी हुकूम देता येतो," तात्या म्हणाले. "अर्ज खालून वर जातो."

काकू पाण्याचा तांब्या आत ठेवून गेल्या.

खरं सांगायचं तर काम झकास होत होतं. गप्पा नाहीत, तपकीर नाही, जिने नाहीत. आधी दोन दिवसांत होणारी नकल एका दिवसात व्हायला लागली. अक्षर तर असं की साहेब मुद्दाम माणसं बोलावून दाखवीत. तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी सांगून टाकलं की महिना पुरा व्हायची वाट कशाला, कायमच्या हुकमाचा मसुदा करा. आणखी दोघा कारकुनांचे गुडघे एकाएकी दुखू लागले.

याच तिसऱ्या आठवड्यात एक दिवस एका तातडीच्या कागदासाठी मी दुपारी बाराच्या सुमाराला तात्यांकडे गेलो. मागच्या गल्लीत कडुनिंबाखाली तीन बायका डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या. आतून तात्यांचा खोकला ऐकू आला तशा त्या वळल्या आणि पांगल्या. त्यांतली एक आमची वहिनी होती. हातात काहीतरी पदराखाली धरलेलं.

आमची वहिनी धारची. फार बोलणारी नव्हती, आमच्या आईपुढे तर नाहीच. तिला सातवा लागलेला होता. पहिलं मूल आमच्याच घरी झालं आणि दहाव्या दिवशी गेलं, त्याबद्दलही ती घरात कधी बोलली नाही. संध्याकाळी मी तिला विचारलं, "वहिनी, हातात काय होतं? पत्र आलंय का धारचं? द्या, मी वाचून दाखवतो. उत्तरही लिहितो."

तिनं पत्र दिलं. मी वाचलं. तिच्या वडिलांनी प्रकृती विचारली होती. मी कार्ड घेऊन ऐटीत बसलो. "सांगा, काय लिहू?"

वहिनी भिंतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लिहा भाऊजी. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवीत जावे."

"एवढंच?"

"एवढंच."

मी ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि टपालात टाकलं. वहिनीचं एक काम केलं म्हणून मला त्या रात्री झोपही चांगली लागली. गाढव होतो, दुसरं काय.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळचा रुमाल घेऊन मी तात्यांच्या घरच्या कचेरीत गेलो, तर तात्यांच्या मेजावर एक घडी घातलेला कागद होता. वर लिहिलं होतं, 'अर्ज'. तात्यांना फार आनंद झाला. "बघ," म्हणाले, "शिस्त लावली की लागते. काय म्हणते पाहू." लग्न झाल्यावर त्यांनीच काकूंना धुळाक्षरं शिकवली होती, बाळबोधही आणि मोडीही. पुढे त्या अक्षरांचं काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पोथी वाचत असेल, असं समजत होते.

घडी उघडली. मधोमध रेघ होती. डावीकडे अनुकूल, उजवीकडे प्रतिकूल.

अनुकूल बाजूला एकच ओळ होती. 'इकडचे गुडघे.'

प्रतिकूल बाजू तळापर्यंत गेलेली. तात्या मोठ्यानं वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीपासून त्यांचा आवाज खाली आला. 'सराफ्याकडली थोरली सून. साताऱ्याहून पत्र आले, वाचावयाचे आहे. आई आजारी असल्यास जाणे आहे.' 'कुंभारवाड्याजवळची. नवरा मारहाण करतो, भावास कळवावयाचे.' 'हौदापाशी राहतात त्या. मुलीचे स्थळ कसे आहे हे बहिणीस गुप्तपणे विचारावयाचे.' अशा ओळीमागून ओळी. प्रत्येकीपुढे किती दिवस खोळंबली ते. आणि खाली, 'मी दुपारी बारा ते तीन यांची पत्रे वाचते व लिहिते. सासवा निजलेल्या असतात तेव्हा येतात. घरात पुरुष असता येत नाहीत, पाणवठ्यावर निरोप तेवढा देतात. चौदा वर्षे झाली.'

सगळ्यात शेवटची ओळ धारची होती. 'बाळंतपणास माहेरी न्यावे. पहिले मूल सुईणीच्या हयगयीने गेले, ते वडिलांस ठाऊक नाही. सासूबाई धाडणार नाहीत, वडिलांनी स्वतः गाडी घेऊन यावे. आठवा लागल्यावर प्रवास होणार नाही. दिवस उरले बारा.'

माझे कान तापले. ती आमच्या घराची गोष्ट होती आणि मी ती तात्यांच्या तोंडून ऐकत होतो. दिरानं लिहून दिलेल्या पत्रात 'सर्व क्षेम' याखेरीज काही लिहिता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आईची सून आईविरुद्ध काय सांगणार, आणि सांगणार ते आईच्या मुलाला?

तात्यांनी कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. एखादं अक्षर मोठं आहे का ते पाहत असावेत. नव्हतं. डावीकडचे गुडघे आणि उजवीकडची धार, दोन्ही अगदी सारख्या अक्षरात होती.

"हे अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले.

काकू तांब्या घेऊन उंबऱ्याशी आल्या. आत आल्या नाहीत. तात्यांनी विचारलं, "मला तोंडी का नाही सांगितलंस?"

"अर्ज खालून वर जातो ना," काकू म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे पाहून हळूच, "तुझ्या वहिनीला बोलू नकोस हो. तिला वाटेल मी फोडलं. दिवस थोडे राहिले म्हणून लिहिलं."

तात्यांनी त्याच दिवशी परत कचेरीत जायचं ठरवलं, त्याला कागद लागला नाही. त्यांनी फक्त आपला जुना कागद रुमालातून काढला आणि 'सवय नाही'च्या खाली लिहिलं, 'घर रिकामे नव्हते.' प्रतिकूल बाजूला त्यांचं अक्षर एवढं मोठं आलेलं मेहुण्याच्या मुंजीनंतर मी प्रथमच पाहिलं.

पण अडचण अशी की कायमचा हुकूम साहेबांच्या सहीला गेलेला. तो फिरवायचा तर कारण लागणार. खरं कारण सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गावभर होणार, आणि गावभर म्हणजे प्रत्येक सासूच्या कानावर. मग बारा ते तीन काकूंच्या पडवीत पुन्हा कुणी फिरकलं नसतं. मी म्हटलं, "तात्या, सांगा ना की घरी करमत नाही."

"साहेब म्हणतील, आठवडाभरात करमेल. त्यांना हा प्रयोग आवडलाय." गुडघा चोळत ते विचार करत राहिले. मग त्यांनी कोरा ताव ओढला आणि स्वतःविरुद्ध अर्ज लिहिला.

त्या अर्जाची नकल मीच केली, म्हणून मजकूर अजून आठवतो. अर्जदाराचं घर रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे धाकट्या पातीच्या हद्दीत आहे. सबब सरकारचे कागद गेले तीन आठवडे रोज विनापरवाना दुसऱ्या राज्यात जात आहेत. हे अर्जदाराच्या ध्यानात आधी यावयास हवं होतं, ते आलं नाही, हा अर्जदाराचा गुन्हा आहे. तरी घरी काम करण्याची परवानगी रद्द व्हावी आणि ती पुढे कुणालाही देऊ नये.

साहेब वाचून थक्क झाले. "तात्या, या रस्त्यावरून तुमच्या घरची गाय दिवसातून चार वेळा इकडे येते. तुम्हांला हे आज सुचलं?"

"गाय दप्तर घेऊन येत नाही, साहेब."

"अहो, पण हा अर्ज दाखल केला तर मला ताकीद लिहावी लागेल. इतक्या वर्षांत तुमच्या नावावर एक रेघ नाही. फाडून टाकू का? कुणी विचारणार नाही."

तात्या म्हणाले, "दाखल करा."

ताकीद लिहिली गेली. तीसुद्धा नकल करायला तात्यांकडेच आली, कारण नकला तेच करत. त्यांनी ती इतर कागदांसारखीच स्वच्छ केली. कचेरीत चेष्टेला ऊत आला. तट्टू मागे पडलं आणि 'परमुलखातले नकलनवीस' सुरू झालं. ज्या दोघांचे गुडघे नव्यानं दुखू लागले होते ते तर महिनाभर बोलले नाहीत. चपराशी म्हणाला, "म्हें तो पेलाँ ज कियो थो भिया," मी तर आधीच सांगितलं होतं. तात्या सगळ्यांना 'बरं' म्हणत. मला मात्र ते सहन होत नसे. एकदा मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मेजाखालून माझ्या पायावर पाय दिला. ज्याला एकतीस पायऱ्या चढताना रडू यायचं, त्या माणसाच्या पायात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

आठ दिवसांत वहिनीचे वडील धारहून गाडी घेऊन दारात उभे राहिले. आधी सूचना नाही, काही नाही. व्याही दारात उभे म्हटल्यावर आईला नाही म्हणता आलं नाही. ती नुसती म्हणत राहिली, "यांना कुणी कळवलं असेल?" माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी तर सर्व क्षेम लिहिलं होतं." त्यात खोटं काहीच नव्हतं. इंदुरावरून तिसऱ्या दिवशी ते धारला पोचले. पुढे तिकडे मुलगी झाली, ठणठणीत. आता तिचीच मुलं माझ्या अंगाखांद्यावर असतात आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. हे वाचलं तर कळेल.

पण मला सांगायचं आहे ते तात्यांच्या परतण्याच्या पहिल्या दिवसाचं. थंडी पडली होती, गुडघे काही ऐकत नव्हते. मी हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. उजवा पाय, डावा पाय. वर यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. शेवटच्या पायरीवर ते 'एकतीस' म्हणाले, पण पुटपुटल्यासारखं. खुर्चीत बसले, नजर फिरवली, सगळे कारकून जागेवर होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते काहीच म्हणाले नाहीत आणि बोरू बुडवून लिहू लागले. मला वाटलं, ताकीद मनाला लागली.

बारा वाजले. तात्यांनी बोरू खाली ठेवला, मेजाला धरून उठले आणि खिडकीशी गेले. खिडकीतून रस्ता दिसे, रस्त्यापलीकडे धाकट्या पातीची घरं, त्यांच्या मागची गल्ली आणि कडुनिंबाचा शेंडा. काय पाहत होते कोण जाणे, पण पाहत मात्र बराच वेळ राहिले. मग परत येऊन बसले, पगडी सारखी केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"भरली."